आग विझली... आणि मग?

आग विझायला अर्धा-पाऊण तास पुरतो. घर पुन्हा उभं करायला महिने लागतात, आणि खरे अपघात होतात ते याच काळात. ‘मेन बंद आहे ना, मग चल’ असं म्हणून कामाला लागलेल्या एका मोठ्या बहिणीची ही गोष्ट. त्यातून शिकलेल्या चार शहाणपणाच्या गोष्टीही सोबत आहेत, तुमच्यावर अशी वेळ कधीच येऊ नये या सदिच्छेसह!

लक्ष्मीपूजन, १ नोव्हेंबर २०२४. शुक्रवारची रात्र. मी साताऱ्याला आईकडे. पूजा आटोपलेली, चकल्यांचा डबा मांडीवर आणि समोर टीव्ही. तेवढ्यात पुण्याहून शेजारच्या काकूंचा फोन. ‘अगं, घाबरू नकोस हं, पण...’

‘घाबरू नकोस’ने सुरू होणारा फोन कधी चांगला असतो का? कोणाचा तरी रॉकेट भरकटून माझ्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत शिरला होता. बाल्कनीत काय होतं? वाळत घातलेली चादर, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि ‘कधीतरी उपयोगी पडतील’ म्हणून ठेवलेले टीव्हीचे, मिक्सरचे, शूजचे खोके. म्हणजे होळीची तयारी मीच करून ठेवली होती म्हणा ना! बाल्कनीतून पडदा, पडद्यावरून सोफा, सोफ्यावरून टीव्ही युनिट. काकूंनी १०१ ला फोन केला, काकांनी मीटर रूममध्ये धावत जाऊन माझा कटआउट काढला. अग्निशमन दलाच्या जवानांनी दार उघडून आधी गॅसचा सिलिंडर बाहेर नेला, मग पाणी मारलं. पाऊण तासात सगळं शांत. कोणाच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही.

‘कोणाला काही झालं नाही ना? मग झालं तर. वस्तू काय, पुन्हा येतात,’ आई म्हणाली. त्या रात्री मलाही तसंच वाटलं.

आगीत खरंच कोणाला काही झालं नाही. झालं ते दोन दिवसांनी, साफसफाई करताना.

भाऊबीज, वॉर्ड नंबर तीन

शनिवारी, पाडव्याला, मी घराचं दार उघडलं. आधी नाकात शिरला तो वास. जळक्या प्लास्टिकचा, ओल्या राखेचा, घशात बसणारा. हॉलचं छत काळं ठिक्कर. पीओपीचं सीलिंग एका कोपऱ्यात फुगून खाली आलेलं. फरशीवर घोट्याएवढं काळं पाणी. ज्या घराचे हप्ते अजून सतरा वर्षं फेडायचेत, ते असं बघताना काय वाटतं ते लिहिता येणार नाही. मी पाच मिनिटं रडले. मग ओढणी तोंडाला बांधली, स्लीपर घातल्या आणि खराटा हातात घेतला.

इथेच चुकलं. जाताना एक जवान काकूंना स्पष्ट सांगून गेला होता, ‘वायरमनला दाखवल्याशिवाय काही करू नका.’ काकूंनी ते मला सांगितलंही. पण दिवाळीत वायरमन कुठे मिळणार? आणि मेन तर बंदच आहे की! आई सोमवारी येणार, तिच्या डोळ्यांना हे काळं घर पडायला नको, एवढंच माझ्या डोक्यात.

रविवारी भाऊबीज. माझा धाकटा भाऊ सकाळीच साताऱ्याहून निघून आला. ‘ताई, ओवाळणं संध्याकाळी. आधी हे उरकू.’ तो ॲल्युमिनियमच्या घोडीवर चढला आणि ओल्या फडक्याने भिंत पुसू लागला. पुसता पुसता पॅसेजजवळच्या अर्धवट वितळलेल्या स्विचबोर्डापर्यंत पोचला. मी स्वयंपाकघरात होते. ‘आई गं’ असं काहीतरी ऐकू आलं आणि पाठोपाठ घोडी कोसळल्याचा आवाज.

मी धावले. तो ओल्या फरशीवर आडवा, डोळे मिटलेले, हात विचित्र वळलेला. मी त्याला धरणार तेवढ्यात दारातून काका ओरडले, ‘हात लावू नकोस! आधी इन्व्हर्टर!’

इन्व्हर्टर! पॅसेजमधल्या कपाटावर एक हिरवा दिवा मिणमिणत होता. दोन दिवस मिणमिणत होता. मी तो शनिवारीच पाहिला होता आणि ‘बरं झालं, हा तरी वाचला’ असं म्हणून पुढे गेले होते. मेन बंद झाल्याबरोबर त्याने इमानेइतबारे आपलं काम सुरू केलं होतं. दिवे, पंखे आणि एका प्लगची लाइन त्याच्यावर होती. त्या लाइनवर वितळलेला बोर्ड, त्या बोर्डात पाणी, आणि माझ्या भावाच्या हातात ओलं फडकं.

दहा-बारा सेकंदांनी त्याने डोळे उघडले. ते दहा-बारा सेकंद मी अजून विसरलेले नाही. उजवं मनगट मोडलं होतं, डोक्याला टेंगूळ आलं होतं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी हाडाच्या आधी ईसीजी काढला. विजेचा झटका बसलेला माणूस वरवर ठणठणीत दिसला तरी हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून त्याला एक रात्र मॉनिटरवर ठेवलं. वॉर्डात ऑक्सिजन, म्हणजे निरांजन लावायचा प्रश्नच नाही. मी नुसतं कुंकू लावलं, हातानेच ओवाळलं. तो म्हणाला, ‘ताई, ओवाळणी डाव्या हाताने देतो, चालेल ना?’ मी हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन पुन्हा रडले.

त्यानंतर मात्र मी घराला हात लावला नाही. आधी विचारलं, वाचलं, जाणकार माणसं गाठली. पुढच्या सगळ्या गोष्टी त्या अडीच महिन्यांतल्या.

पाऊल टाकण्याआधी वर बघा

जळलेल्या घरात आपण पायाखाली बघत चालतो. धोका बऱ्याचदा डोक्यावर असतो. पीओपी आणि जिप्समचं सीलिंग पाणी शोषून घेतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. चार बादल्या पाणी पिऊन बसलेलं सीलिंग कधी खाली येईल याचा नेम नाही. फुगलेल्या, लोंबणाऱ्या भागाखाली उभंच राहायचं नाही. पंखा, झुंबर, एसीचं इनडोअर युनिट, वरची कपाटं यांचे खिळे-स्क्रू तापून सैल झालेले असतात. खिडकीच्या काचांना तडे गेलेले असतात आणि त्या दोन-दोन दिवसांनी खाली पडतात. चौथ्या मजल्यावरून पडली तर खाली खेळणाऱ्या पोरांच्या डोक्यात.

स्लॅबचं काय? मला वाटायचं काँक्रीटला काय होतंय! सोसायटीने बोलावलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअर ताईंनी माझा हा गैरसमज दूर केला. काँक्रीट साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की त्याची ताकद कमी होऊ लागते आणि ती थंड झाल्यावर परत येत नाही. आतली सळई ६०० अंशांच्या आसपास निम्म्याच्या घरात येते. ती थंड झाल्यावर बरीचशी सावरते, पण तोवर स्लॅब वाकलेला असू शकतो. तापलेलं काँक्रीट पुष्कळदा गुलाबीसर दिसतं. मात्र खडीच्या जातीप्रमाणे हा रंग कमीजास्त असतो, म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबायचं नाही. त्यांनी हातोडीने ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते पाहिलं, मग रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक टेस्ट केली. माझ्याकडे नुकसान गिलाव्यापुरतंच निघालं. सुटले!

तुमच्याकडे प्लास्टर निखळून सळया दिसत असतील, छताला पोट आलं असेल, बीमला किंवा कॉलमला तिरक्या भेगा असतील, तर सामान आणायलासुद्धा आत जाऊ नका. आणि एक गोष्ट. ‘दोन हात पुट्टी मारू, काही दिसणार नाही’ म्हणणाऱ्या रंगाऱ्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. इंजिनीअरचा लेखी रिपोर्ट आल्याशिवाय भेगेवर पुट्टी नाही.

जुनी घरं आणि गॅरेज यांच्यावर सिमेंटचे पन्हाळी पत्रे असतात. त्यांतल्या पुष्कळशा पत्र्यांत ॲसबेस्टॉस असतं. ते आगीत तडकतात आणि तंतू सुटतात. असे तुकडे झाडायचे नाहीत, कापायचे नाहीत. पाणी शिंपडून ओले ठेवायचे आणि उचलण्याचं काम माहीतगार माणसावर सोपवायचं.

मेन बंद म्हणजे वीज बंद नव्हे!

हे वाक्य मी आता कोणालाही ऐकवते. ऑफिसच्या लिफ्टमध्येसुद्धा!

घरात वीज एकाच दाराने येत नाही. महावितरणची लाइन हे एक दार. इन्व्हर्टर हे दुसरं. कॉम्प्युटरचा यूपीएस हे तिसरं. सोसायटीचा जनरेटर बॅकअप असेल तर ते चौथं. छतावर सोलर पॅनेल असतील तर ऊन असेपर्यंत त्यांच्या वायरींत वीज असतेच. ही सगळी दारं बंद झाली आहेत हे टेस्टर घेतलेल्या माणसाने पाहिल्यावरच फडकं हातात घ्यायचं. इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करायचा आणि बॅटरीची वायर वायरमनकडून सोडवून घ्यायची. मेन स्विच किंवा डीबी भिजलेला असेल, त्याच्यासमोर पाणी साचलं असेल, तर तुम्ही तिथपर्यंत जायचंच नाही. १९१२ वर फोन करा, पुरवठा बाहेरून तोडून घ्या.

दिवाळीनंतर आलेले वायरमनकाका परवानाधारक. केस पांढरे, बोलणं मोजकं. त्यांनी डीबी उघडला आणि म्हणाले, ‘ताई, तुमच्याकडे आरसीसीबी आहे. ती वाचवते. पण इन्व्हर्टरची लाइन तिला बायपास करून नेलीय. मग ती बिचारी काय करणार?’ आरसीसीबी म्हणजे गळती करंट ओळखून वीज तोडणारं उपकरण. घरासाठी ते ३० मिलिअँपिअरचं असतं. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी असतो, माणूस वाचवायला आरसीसीबी लागते. दोन्ही वेगळ्या. आपल्या घरात आहे का, आणि इन्व्हर्टरच्या लाइनवरही आहे का, हे आजच बघून घ्या. तिच्यावरचं ‘टेस्ट’चं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. वीज गेली तर ती जिवंत आहे.

दुसरी गोष्ट न दिसणारी. आपल्या वायरी भिंतीतल्या आणि स्लॅबमधल्या पाइपातून जातात. त्या पाइपांत पाणी शिरतं आणि आठवडा-आठवडा राहतं. वायरच्या साध्या पीव्हीसी आवरणाची कुवत ७० अंशांची. आगीच्या शेजारच्या खोलीतसुद्धा छताजवळ याहून किती तरी जास्त उष्णता असते. बेडरूम वरून कोरी करकरीत दिसत होती, पण काकांनी मेगर लावून इन्शुलेशन मोजलं तर दोन लाइन नापास! किमान १ मेगाओहम यायला हवं, तिथे त्याच्या आसपासही नव्हतं. हॉलमधल्या वायरी तर पूर्णच काढल्या. ‘वाळल्या की चालतील’ हा सल्ला देणारे शेजारी भरपूर भेटतील. त्यांना नमस्कार करा.

आणि हो, खालच्या मजल्याला विसरू नका. तुमची फरशी म्हणजे त्यांचं छत. त्यांच्या दिव्या-पंख्यांच्या वायरी तुमच्या पायाखालच्या स्लॅबमधूनच जातात. माझ्याकडचं पाणी खालच्या आजोबांच्या बेडरूममधल्या पंख्यातून ठिबकत होतं आणि ते पंखा लावून निवांत झोपत होते! त्यांची लाइन बंद करायला लावली तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

सिलिंडर, बॅटऱ्या आणि ‘अजून चालतंय की’

आच लागलेला सिलिंडर, रेग्युलेटर किंवा रबरी नळी पुन्हा वापरायची नाही. बाहेरून नुसती काळी झाली असली तरी नाही. वितरकाला कळवा, तो बदलून देतो. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटणही दाबू नका. चालू असेल तर चालू राहू द्या, बंद असेल तर बंद. खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि १९०६ ला फोन करा. पाइप गॅस असेल तर कंपनीच्या माणसाने तपासून दिल्याशिवाय शेगडी पेटवायची नाही.

लॅपटॉप, पॉवर बँक, जुने मोबाइल, ई-स्कूटरची बॅटरी ही सगळी लिथियम मंडळी. आगीत तापलेली किंवा भिजलेली लिथियम बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही आपोआप पेट घेऊ शकते. ती फुगलेली दिसो वा न दिसो, घरात ठेवायची नाही, चार्ज करून बघायची नाही, भंगाराच्या पोत्यात टाकायची नाही. मोकळ्यावर, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवायची आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची.

टीव्ही, फ्रिज, एसी बाहेरून बरे दिसले तरी लगेच लावून बघायचे नाहीत. पीव्हीसी जळालं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो ओलाव्यात मिसळला की हायड्रोक्लोरिक ॲसिड तयार होतं आणि सर्किट हळूहळू खातं. आपण जो पावडरवाला एबीसी एक्स्टिंग्विशर मारतो, त्याची पावडरही धातू गंजवते. मेकॅनिकने उघडून स्वच्छ केल्यावरच प्लग लावायचा.

काजळी म्हणजे नुसती राख नव्हे

लाकडाची राख वेगळी आणि सोफ्याचा फोम, पडदे, वायरी, टीव्हीचं प्लास्टिक जळून झालेली काजळी वेगळी. ही काजळी तेलकट, आम्लधर्मी आणि इतकी बारीक की थेट फुफ्फुसांत खोल जाते. ओढणी किंवा साधा सर्जिकल मास्क तिला अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ हवा. कोविडच्या काळात आपण सगळेच तो घालायला शिकलो, ते ज्ञान इथे कामी आलं. पण तोही फक्त कण अडवतो, वायू नाही. म्हणून खिडक्या-दारं उघडी हवीतच. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, गॉगल आणि जाड तळव्याचे बंद बूट. स्लीपर नव्हे! राखेत खिळे आणि काचा लपलेल्या असतात. पायात काही घुसलंच तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना लगेच विचारा.

आता पुसायचं कसं? मी आणि भावाने केलं ते नाही! ओलं फडकं मारलं की काजळी प्लास्टरमध्ये मुरते आणि डाग कायमचा. आधी कोरडं काम करायचं. कोरड्या स्पंजने वरून खाली, घासायचं नाही, टिपत यायचं. झाडूने झाडलं की सगळी हवेत. घरातल्या साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढलं तर तो पुढून घेतो आणि मागून बारीक कण परत सोडतो. हेपा फिल्टरवाला मशीन भाड्याने मिळतो, तो आणायचा. आणि काजळी साफ होईपर्यंत एसी किंवा पंखा नाही, नाहीतर राहिलेल्या खोल्यांतही काळा पाऊस.

लहान मुलं, गरोदर बायका, दम्याचे पेशंट आणि आजी-आजोबा यांनी या दिवसांत त्या घरात पाऊल टाकू नये. माझी आई दम्याची पेशंट. ती सोमवारी यायची ती थेट जानेवारीत आली. रागावली, पण आली नाही.

पाण्याचं घड्याळ

आगीने जेवढं जळतं तेवढंच, कधी जास्त, पाण्याने नासतं. आणि पाण्याचं घड्याळ लगेच सुरू होतं. ओल राहिली तर २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते. वायपरने पाणी काढा, खिडक्या उघडा, भिजलेल्या गाद्या, उशा, गालिचे त्याच दिवशी बाहेर काढा. पंखे लावून वाळवायचं असेल तर दोन अटी. वीज तपासलेल्या लाइनवरून घेतलेली असावी आणि तिथली काजळी आधी साफ झालेली असावी. जनरेटर आणलात तर तो बाल्कनीतही ठेवायचा नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि बंद जागेत तो काही मिनिटांत माणसाला बेशुद्ध करतो.

माझ्या टीव्ही युनिटचं, वॉर्डरोबचं एमडीएफ पाणी पिऊन पावासारखं फुगलं. ते वाळवून वापरता येत नाही. सागवानी देवघर मात्र पुसून, सावलीत वाळवून वाचलं. आजीचं होतं ते. भिंत वाळल्याशिवाय रंग किंवा वॉलपेपर नाही. घाईघाईने रंग मारला की ओल आत कोंडते आणि पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं. वास जावा, जंतू मरावेत म्हणून आपण घरातल्या सगळ्या बाटल्या एका बादलीत ओततो ना? नका ओतू! ब्लीच आणि ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर एकत्र आलं की क्लोरिन वायू निघतो, जो पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता तोच. ब्लीच आणि अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड एकत्र आलं तरी विषारी वायू. एका वेळी एकच बाटली, मध्ये भरपूर पाणी आणि उघडी खिडकी.

जीव तुटला तरी फेका

स्वयंपाकघर जळलं नव्हतं, पण धूर सगळीकडे फिरला होता. उघडं धान्य, मसाले, पिठं, फळं, फ्रिजमधलं सगळं फेकलं. सैल झाकणाचे प्लास्टिकचे डबेही. औषधं गोळी न गोळी फेकली, कारण उष्णतेने औषध बिघडतं आणि बाहेरून काही कळत नाही. इन्सुलिन, इनहेलर, ड्रॉप्स तर अजिबात ठेवायचे नाहीत. मेकअपचं सामानही गेलं. वॉटर प्युरिफायरची सगळी फिल्टर्स बदलली. तापलेले प्लास्टिकचे पाण्याचे पाइपही बदलून घेतले. स्टीलची, काचेची भांडी साबणाने घासून वापरात. आईने दिलेला दिवाळीचा फराळ मात्र माझ्यासोबत साताऱ्यालाच होता. काहीतरी वाचलं!

‘इन्शुरन्स आहे ना तुझा?’

सगळ्यांचा पहिला प्रश्न. मीही छाती पुढे काढून सांगत होते, ‘हो, होम लोनबरोबरच घेतलाय.’ कागद काढून वाचला तर तो माझ्या आयुष्याचा विमा! मी गेले तर बँकेचं कर्ज फिटेल. घर जळलं तर दमडी नाही. तुमच्यापैकी किती जणांचं असंच आहे, हे आज रात्री फाइल काढून बघाच.

सोसायटीची इमारतीची पॉलिसी होती म्हणून प्लास्टर, वायरिंग, खिडक्या यांचं बरंचसं निघालं. आतलं सामान, साधारण साडेचार लाखांचं, माझ्या खिशातून. भारतात १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. कंपनी कोणतीही असो, मूळ अटी सारख्या. तीत घराच्या विम्याबरोबर घरातल्या सर्वसाधारण सामानालाही घराच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत आपोआप संरक्षण मिळतं. मला हे आग लागल्यावर कळलं, तुम्हाला आधी कळतंय!

क्लेम करायचा असेल तर कंपनीला लगेच कळवा, साफसफाईच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो आणि व्हिडिओ काढा, पोलिसांचा पंचनामा आणि अग्निशमन दलाचा दाखला घ्या. सर्व्हेअर येईपर्यंत काही फेकू नका. आरोग्याला धोका असेल ते फोटो काढून फेका. आणि सही करण्याआधी कागद वाचा, एवढं तरी माझ्याकडून शिका.

चौकट : पहिले ४८ तास

- अग्निशमन दलाने ‘आता जा’ म्हटल्याशिवाय आत नाही. एकट्याने तर कधीच नाही.
- मेन, इन्व्हर्टर, यूपीएस, जनरेटर, सोलर : सगळे बंद, आणि टेस्टरने तपासलेले.
- सिलिंडर बाहेर. वास आला तर १९०६.
- एन-९५, गॉगल, हातमोजे, बंद बूट. घोडी लागलीच तर लाकडी किंवा फायबरची.
- आधी फोटो, मग विमा कंपनी, मग साफसफाई.
- पाणी काढा, भिजलेलं बाहेर काढा. काजळी कोरडीच टिपा.
- कुठे धुगधुगी, धूर किंवा गरम भिंत जाणवली तर पुन्हा १०१. विझलेली आग उलटते.
- कोणाला शॉक बसला तर हात लावू नका. आधी वीज तोडा. ते जमलं नाही तर कोरड्या लाकडाने ढकला. १०८ ला फोन, आणि श्वास नसेल तर छातीवर दाब सुरू करा. बरं वाटलं तरी ईसीजी काढाच.

जानेवारीच्या मध्यावर घर पुन्हा उभं राहिलं. बाल्कनीत आता दोन तुळशी आणि एक खुर्ची, खोका एकही नाही. स्वयंपाकघरात आणि पॅसेजमध्ये एकेक एक्स्टिंग्विशर. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी पहिल्यांदाच तोंड उघडलं. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे ज्या इमारतींना आग विझवण्याची यंत्रणा बसवावी लागते, त्यांनी दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून ती चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. आमचं कधी दिलं होतं, असं मी विचारलं. सेक्रेटरींनी चष्मा पुसला. त्या जुलैपासून मात्र ते वेळेवर जातं!

भावाचं प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं. थंडीत मनगट दुखतं म्हणतो. मी विचारलं की ‘छे, काही नाही’ म्हणतो, पण बरणीचं झाकण डाव्या हाताने उघडतो. ते मला दिसतं.

२०२५ च्या भाऊबीजेला तो पुन्हा आला. यावेळी निरांजन होतं, फराळ होता, खिडक्या बंद होत्या. ओवाळून झाल्यावर त्याने खिशातून एक स्टिकर काढलं आणि नव्या इन्व्हर्टरवर चिकटवलं. त्याच्याच वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, ‘ताई, आधी मला बंद कर!’

मी ते काढणार नाही. तुम्हीही एक लावून टाका.